हुरडा म्हणा, पोंक म्हणा : आजी-आजोबांबरोबर शेतावरचे दोन दिवस



डिसेंबर उजाडला की आपल्या सुरतेत दोन गोष्टींचा वास सुटतो. एक उंधियूचा आणि दुसरा पोंकाचा. अडाजणकडे तापीच्या बाजूला पोंकाच्या भट्ट्या लागतात आणि तिखट शेव, लिंबू-मिरीची शेव, साखरेचे गोल दाणे आणि ताकाचा पेला यांच्यासह हिरवेगार कोवळे दाणे पुडीत बांधून घरी येतात. तुमच्यापैकी बहुतेकांनी ते खाल्ले आहेत. पण हे दाणे कोणत्या पिकाचे, असे वर्गात विचारले की उत्तरे मजेदार येतात. कोणी वाटाणा म्हणतो, कोणी बाजरी, एकाने तर "मशीनमधून येतो" असे सांगितले.

पोंक म्हणजे कोवळी ज्वारी. आपल्या मराठीत हिलाच हुरडा म्हणतात. आणि तो कसा होतो हे नीट सांगू शकणारी माणसे बहुधा तुमच्याच घरात, गॅलरीतल्या खुर्चीवर बसलेली असतात. म्हणून या अंकातला पाठ आम्ही पुस्तकातून न घेता शेतावरून घ्यायचे ठरवले आहे. हिवाळ्यातला एक शनिवार-रविवार आजी-आजोबांना घेऊन शेतावर जायचे. नातेवाइकांचे शेत असेल तर उत्तम, ओळखीच्या पटेल काकांची वाडी असेल तरी चालेल. जाण्यापूर्वी हा पाठ वाचून घ्या.

आधी नकाशा उघडा. तापी नदी मध्य प्रदेशात बैतुल जिल्ह्यातल्या मुलताई येथे उगम पावते. तिथून पश्चिमेकडे वाहत खानदेशात येते, भुसावळजवळून जाते, नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशाला स्पर्श करते, उकाईच्या धरणात विसावते आणि सुरतेवरून समुद्राला मिळते. एकूण लांबी सुमारे ७२४ कि.मी. या नदीच्या काठाकाठाने काळी जमीन आहे, आणि काळी जमीन म्हणजे पावसाळ्याचा ओलावा हिवाळ्यापर्यंत धरून ठेवणारी जमीन. ज्वारीला नेमके हेच लागते. पाऊस संपल्यावर पेरा, थंडीत वाढू द्या, पाणी थोडे मिळाले तरी ती तग धरते.

याच नदीच्या खोऱ्यातून १९०० च्या सुमारास तापी व्हॅली रेल्वे सुरू झाली. उधना ते जळगाव या रस्त्याने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव इथली माणसे सुरतेत येत राहिली. कोणी गिरणीत लागले, कोणी लूमवर, कोणी रंगाई-छपाईच्या कारखान्यात. आज लिंबायत, उधना, डिंडोलीकडे जी मराठी कुटुंबे राहतात त्यांतली कितीतरी याच गाडीने आलेली आहेत. वाटेत नवापूरचे स्टेशन लागते. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, राज्यांची सीमा फलाटावरूनच जाते. रूळ मात्र एकच आणि जमीनही एकच. तेव्हा आजोबांच्या गावचा हुरडा आणि अडाजणचा पोंक ही एकाच खोऱ्यातली भावंडे आहेत असे म्हणायला हरकत नाही. आणखी एक गंमत सांगतो. मराठवाड्यात हुरड्यासाठी जे ज्वारीचे खास वाण पेरतात त्यांतल्या एकाला 'सुरती' असेच म्हणतात! दुसरे प्रसिद्ध वाण गूळभेंडी. अलीकडे राहुरीच्या कृषी विद्यापीठाने 'फुले मधुर' आणि परभणीच्या विद्यापीठाने 'परभणी वसंत' हे हुरड्याचे वाण दिले आहेत. आपल्याकडे दक्षिण गुजरातेत पोंकासाठी 'वानी' जातीच्या ज्वारीचे नाव घेतात. भाकरीसाठी जी मालदांडी प्रसिद्ध आहे, ती सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रातून निवडलेली. ती भाकरीला राणी आहे, पण हुरड्याला तिच्यापेक्षा गोड आणि कणसातून सहज सुटणारा दाणा हवा.

आता मुख्य अभ्यास. ज्वारीच्या वयाला मराठीत किती शब्द आहेत ते पाहा. ताट वाढते आणि वरच्या पानाच्या आवरणात कणीस लपलेले असते, तेव्हा ज्वारी 'पोटरीत' आली म्हणतात. कणीस बाहेर डोकावले की ज्वारी 'निसवली'. मग 'फुलोरा'. फुलोऱ्यानंतर दाणा धरतो, पण तो दाबला की पांढरा द्रव बाहेर येतो. ही ज्वारी 'चिकात' आहे. त्यानंतर चीक घट्ट होऊ लागतो, दाणा हिरवा आणि मऊ असतो, नखाने दाबला तर खड्डा पडतो पण पाणी येत नाही. आता ती 'हुरड्यात' आली. आणखी काही दिवसांनी नख लागेनासे होते, दाणा पांढरट-पिवळा होतो आणि हुरड्याचे दिवस संपले.

पोटरीपासून कापणीपर्यंत चार-पाच नावे! शहरातल्या आपल्या भाषेत या सगळ्याला मिळून एकच शब्द उरला आहे, "पीक". वयाप्रमाणे बाळ, कुमार, तरुण, प्रौढ असे शब्द माणसाला असतात तसेच हे आहे. ज्याला रोज शेतात जावे लागे, पाणी केव्हा द्यायचे आणि राखण केव्हा बसवायची हे ठरवावे लागे, त्याला हे शब्द हवेच होते. आजही कृषी खाते ज्वारीला पाणी देण्याच्या वेळा सांगताना हेच शब्द वापरते. पोटरीची अवस्था पेरणीनंतर साधारण ५० ते ५५ दिवसांनी, फुलोरा ७० ते ७५ दिवसांनी.

दाणा हुरड्यातच गोड का लागतो? पान सूर्यप्रकाशात साखर तयार करते आणि ती दाण्याकडे पाठवते. दाण्यात गेल्यावर तिचे हळूहळू पिष्टात, म्हणजे स्टार्चमध्ये रूपांतर होते. चिकाच्या वेळी दाण्यात पाणीच फार असते. पूर्ण पिकल्यावर जवळजवळ सगळे पिष्ट असते, त्याचे पीठ होते पण ते गोड नसते. मधल्या थोड्या दिवसांत साखरही असते आणि चावायला पिष्टही असते. एका शेतात हा काळ आठवडा-दहा दिवसांपेक्षा फारसा टिकत नाही. म्हणूनच पोंकाचा हंगाम सगळा मिळून दोन-अडीच महिन्यांचा दिसतो, तो एका शेतामुळे नव्हे. शेतकरी टप्प्याटप्प्याने पेरतात म्हणून.

येथे एक गणित घाला. हुरड्याचे वाण पेरल्यापासून ९५ दिवसांनी हुरड्यात येते असे धरू. १ ऑक्टोबरला पेरले तर कोणत्या तारखेला हुरडा मिळेल? ऑक्टोबरचे उरलेले ३०, नोव्हेंबरचे ३०, डिसेंबरचे ३१, झाले ९१. म्हणजे ४ जानेवारी. आता शेताचे चार तुकडे करून दर आठ दिवसांनी एकेक तुकडा पेरला, तर शेवटचा तुकडा केव्हा तयार होईल ते स्वतः काढा आणि आजोबांना विचारा की थंडी जास्त पडली तर हे उत्तर कोणत्या बाजूला सरकेल. वहीतले उत्तर आणि शेतातले उत्तर दोन-चार दिवसांनी हुकते, ते का हे त्यांच्याकडूनच ऐकण्यासारखे आहे.

शेतावर पोचल्यावर लगेच आगटीकडे धावू नका. आधी आजोबांबरोबर एक फेरी मारा. आम्ही काही कुटुंबांबरोबर अशा फेऱ्या मारल्या आहेत आणि दरवेळी एकच गोष्ट दिसली. घरी "बाबा, तुम्ही बसा" असे ज्यांना दिवसातून दहा वेळा ऐकावे लागते, तेच इथे पुढे चालतात. तीस वर्षे लूमवर काढलेले एक आजोबा होते, फार बोलत नसत. बांधावरून चालता चालता त्यांनी एक कणीस वाकवले, दाणा दाताखाली धरला आणि म्हणाले, "या कडेची परवा खायला हवी होती. तिकडची उद्या." नातवाने दोन्हीकडचे दाणे चाखून पाहिले. फरक होता. मग तो नातू दोन दिवस त्यांच्या मागेमागे होता. शाळेत आम्ही त्याला 'निरीक्षण करा' असे वर्षभर सांगत होतो, हे इथे नमूद करायला हवे!

फेरीत आणखी एक विचारा. कोवळ्या ज्वारीच्या ताटांत गुरे का सोडत नाहीत? आजी-आजोबा सांगतील, "किराळ लागते." हा समज नाही, हे शास्त्र आहे. लहान वयाच्या, विशेषतः पाण्याचा ताण पडलेल्या ज्वारीच्या पानांत असे द्रव्य असते की जनावराच्या पोटात गेल्यावर त्यातून हायड्रोजन सायनाइड हे विष तयार होते. जनावर तासाभरात दगावू शकते. पीक वाढते तसे हे प्रमाण कमी होते. आपण खातो त्या दाण्याला ही भीती नाही. प्रयोगशाळा नसताना केवळ पाहून पाहून माणसांनी ही गोष्ट ओळखली आणि एका शब्दात बांधून ठेवली.

आता आगटी. जमिनीत उथळ खड्डा करून त्यात शेणाच्या गोवऱ्या पेटवतात. जाळ विझून निखारा झाला, वर राख धरली, की कणसे त्यात खुपसतात. गोवरीच का? लाकूड भडकते, गोवरी सावकाश आणि सारखी धुमसते. भडक आचेवर दाणा बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. तीन-चार मिनिटांत कणीस खरपूस झाले की बाहेर काढून गरम असतानाच हातावर किंवा गोणपाटावर चोळतात. गरम असताना दाण्यातली वाफ बोंडाला, म्हणजे दाण्याच्या टरफलाला, सैल करते. गार झाले की बोंड चिकटून बसते आणि मग कितीही चोळा. चोळलेले दाणे सुपात घेऊन पाखडले, फुंकर मारली, की हिरवा हुरडा तयार. कणीस चोळायला आजीला बसवा. पिढ्यान्पिढ्यांचे भाजलेले हात आहेत ते, आपल्याला चटका बसतो तिथे त्यांना बसत नाही.

अडाजणच्या भट्टीवर कृती हीच, फक्त मोठ्या प्रमाणावर. कणसांच्या जुड्या भाजतात, कापडात गुंडाळून काठीने झोडतात आणि मग पाखडतात. दोन्हीकडचे तोंडीलावणे मात्र वेगळे. इथे शेव, साखरेचे दाणे आणि ताक. खानदेशात नि मराठवाड्यात शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी, गूळ, दही, जोडीला बोरे आणि ऊस. आमच्यात यावर वाद आहे. आम्हांपैकी निम्म्यांचे मत असे की साखरेचे दाणे हा हुरड्याचा अपमान आहे, आणि उरलेले निम्मे सुरतेत जन्मलेले आहेत. पोंकवड्याबद्दल मात्र कोणाची तक्रार नाही.

हे करताना थोडी काळजी घ्या. आपल्या शहराचा धागा आगटीजवळ नको. पॉलिएस्टरची साडी किंवा टी-शर्ट ठिणगीने वितळतो आणि अंगाला चिकटतो, म्हणून त्या दिवशी सगळ्यांनी सुती कपडे घालावेत. आजी-आजोबांना दम्याचा त्रास असेल तर वारा पाहून धुराच्या उलट बाजूला खाट टाकावी. पहाटे शेतात गारठा असतो, कानटोपी लागते. मुक्काम करायचा तर रात्री उठल्यावर त्यांना किती चालावे लागेल, वाटेत दिवा आहे का, हे शनिवारी उजेड असतानाच पाहून ठेवा. दातांची चिंता नको, हुरडा इतका मऊ असतो की कवळी काढून ठेवलेले आजोबाही खातात.

काही पालक विचारतील, "हल्ली तिकीट काढून हुरडा पार्टीला जाता येते, मग एवढा खटाटोप कशाला?" महाराष्ट्रात पुणे, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर या भागांत हिवाळ्यात हुरडा पार्ट्या मोठ्या प्रमाणावर होतात. राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरणही केले. त्यातून शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, ही गोष्ट चांगलीच आहे. सोय नसेल त्यांनी जरूर तिथे जावे. पण काही ठिकाणी आम्ही असे पाहिले की हुरडा ताटात वाढून येतो, मुले पाण्याच्या घसरगुंडीवर असतात, मोठ्याने गाणी लागलेली असतात आणि आजोबा पुन्हा खुर्चीवरच बसलेले असतात, फक्त खुर्ची प्लास्टिकची असते. अशा ठिकाणी गेलात तर मालकाला विनंती करून एक आगटी आजोबांच्या ताब्यात द्यायला सांगा. बहुतेक मालक आनंदाने देतात.

शेताच्या शोधात मात्र तुम्हाला दरवर्षी थोडे लांब जावे लागेल. सुरत महानगरपालिकेची हद्द २००६ पर्यंत सुमारे ११२ चौ. कि.मी. होती. त्या वर्षी ती सुमारे ३२६ झाली आणि २०२० मध्ये सुमारे ४६२. ज्या गावांची शेते आजोबांनी सायकलवरून पाहिली तिथे आता बारा मजली इमारती आहेत आणि आपण त्यांतच राहतो. ज्वारीही मागे हटली आहे. १९७०-७१ साली देशात सुमारे १ कोटी ७४ लाख हेक्टरवर ज्वारी होती, आज ती ४० लाख हेक्टरच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे. गहू-तांदूळ स्वस्त आणि सहज मिळू लागले, कापूस, सोयाबीन आणि मका यांना पैसा जास्त, ज्वारीच्या काढणीला मजूर मिळत नाहीत, अशी कारणे आहेत. एक कारण पाखरांचेही आहे. सगळ्या शिवारात ज्वारी होती तेव्हा पाखरे वाटली जात. आता एखाद्यानेच पेरली तर सगळे थवे त्याच्याच शेतावर उतरतात. मग पुढच्या वर्षी तोही पेरत नाही. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा पुष्कळ भाषणे झाली. मचाणावर बसून गोफण फिरवणारा माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न तसाच राहिला.

रात्री शेकोटीभोवती बसाल तेव्हा शब्दांचा खेळ खेळा. आजी मराठी शब्द सांगेल, वाडीवरचे काका गुजराती सांगतील, तुम्ही दोन्ही लिहा. आम्ही सुरुवात करून देतो. आपले कणीस ते त्यांचे डूंडुं, आपला कडबा ती त्यांची कडब, आपली गोवरी ते त्यांचे छाणुं, आपले खळे ते खळुं. गव्हाची ओंबी तिथे ऊंबी होते. गोफण दोन्हीकडे गोफणच. एक शब्द मात्र फसवतो. शेजारच्या गुजराती काकूंकडे भाकरी मागितलीत तर त्या गव्हाची जाड, खुसखुशीत भाखरी देतील. ज्वारीची हवी असेल तर रोटलो म्हणायला हवे. ज्यांच्या घरी अहिराणी बोलतात त्यांनी तिसरा रकाना आखावा. तो रकाना तुमच्या आई-बाबांनाही पूर्ण भरता येणार नाही अशी आमची अटकळ आहे, तिथे आजीच लागेल. खानदेशची आजी असेल तर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचे पीठ बरोबर न्या, रविवारी सकाळी चुलीवर ती होऊ द्या.

ज्यांचे आजोळ कोकणातले आहे त्यांनी खट्टू होऊ नये. तुमच्या आजोबांना ज्वारी नसेल ठाऊक, पण भाताच्या लोंबीचे वय त्यांना असेच तोंडपाठ असेल आणि नव्या भाताचे पोहे कसे कांडत, हे ते सांगतील. ते लिहून आणा, तोही अभ्यासच.

वहीत पुढील गोष्टी असाव्यात: एका कणसातील दाण्यांचा अंदाज आणि तो कसा काढला; चिकातला, हुरड्यातला आणि पक्व दाणा यांची चित्रे; शब्दांचे रकाने; आणि आजी किंवा आजोबांनी सांगितलेली एक तरी गोष्ट, त्यांच्याच बोलीत, सुधारून न लिहिता. पाचवी ते सातवीच्या मुलांनी चार पाने लिहिली तरी पुरेत. ज्यांचे आजी-आजोबा गावी आहेत त्यांनी फोनवर विचारून लिहावे, आणि ज्यांच्या घरी कोणी नाही त्यांनी शेजारच्या आजींना बरोबर न्यावे, त्या नाही म्हणणार नाहीत.

वह्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. नमुन्यासाठी एका वर्गामागे एकच कणीस पुरे, तेही वाळवून, कागदात गुंडाळून. जास्त आणले तर प्रयोगशाळेतले उंदीर आधी अभ्यास करतात.